वरची जागा

माझं डोकं तापायला काडी ओढावी लागत नाही, नुसती पेटी दाखवली तरी पुरते. आई रोह्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगते. वर हेही सांगते, की आमच्या नूतनच्या पायाला भिंगरी आहे, ती जेवतेसुद्धा उभ्यानं. खोटं कशाला बोलू? आहे तसंच. ही गोष्ट लिहायला घेतल्यापासून दोनदा उठून खिडकीपाशी जाऊन आले आहे.

मी बागा, चौक, तळ्यांचे काठ, चार माणसं एकत्र बसतील अशा जागा आखून देते. आई त्याला 'झाडं लावायचं काम' म्हणते. पेणमध्ये एका गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर माझं ऑफिस आहे. खाली मूर्ती, वर नकाशे. रोज रोह्याहून स्कूटरनं येते-जाते आणि वाटेत हायवेच्या खड्ड्यांना ज्या शिव्या घालते त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

पेणहून धरमतरच्या खाडीकडं निघालं, की रस्ता जिथं दमून थांबतो तिथं बोंडेखार आहे. सव्वाशे उंबरे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मधे मातीचा बांध. बांध आहे म्हणून गाव आहे. बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं, तर तीन वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उभी राहत नाही. हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, मलाही होतं.

या गावचा सरपंच हरेश. वय चौतीस, शर्ट कायम पांढरा, कानात कायम ते बोलायचं यंत्र. मागच्या वर्षी श्रावणात तो माझ्या ऑफिसात आला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या गावात आता माणसं एकत्रच येत नाहीत. कोण डोलवीला कंपनीत शिफ्टला, कोण हमरापूरला मूर्ती रंगवायला, घरी आला की मोबाईलमध्ये तोंड. निधी मिळालाय. गाव जवळ येईल अशी एक जागा करून द्या."

असं कुणी म्हटलं की मी पाघळते. दुसऱ्याच दिवशी टेप, छत्री आणि पाहणीचा तक्ता घेऊन बोंडेखारला पोचले. तक्त्यात तीन रकाने: जागा, मालकी, वापर.

दुपारपर्यंत गाव मोजून झालं आणि मग ती जागा दिसली. गाव संपतं तिथं, बांधाला लागून, शेतांपेक्षा पुरुषभर उंच. दहा-बारा गुंठे असेल. नुसतं हिरवं गवत. मधे थोडा खोलगट भाग. गुरं बांधलेली नाहीत, झाड नाही, उकिरडा नाही, कुणाचं वाळवणही नाही. समोर खाडी आणि अंगावर वारा. मी जाग्यावर प्रेमात पडले.

खालच्या शेतात एक म्हातारी भातातलं तण उपटत, बेणणी करत होती. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, अंगात हाडं तेवढी, पण हात मशीनसारखे चाललेले. ती बायजाबाई. बांधाच्या पायथ्याची सहा खाचरं तिची. मुलगा प्रणित डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामावर, त्यामुळं शेती हिच्याच अंगावर.

"आजी, ही वरची जागा कुणाची?" मी विचारलं.

"गावाची."

"इथं काय करता?"

"काय नाय."

"मग इतकी चांगली जागा मोकळी कशी?"

"ठेवलीय."

"कशासाठी?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग बांधाकडं पाहिलं, आणि पुन्हा खाली वाकली. "ठेवलीय आपली. तुला काय मोजायचा ते मोज नि जा गो घरला, सर येतेय."

अर्धं उत्तर मिळालं की माझ्या मस्तकाची शीर उडायला लागते. मी आणखी तिघांना गाठून विचारलं. त्यातले एक जनूबाबा. बांधात एक लाकडी दार असतं, ओहोटीला ते उघडून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीला बंद करायचं. त्याला उघाडी म्हणतात. ती उघाडी जनूबाबा चाळीस वर्षं सांभाळतायत. ते तरी नीट बोलतील वाटलं, तर ते म्हणाले, "हाय ती हाय. वरची जागा." आणि बिडी पेटवायला लागले.

ठीक आहे, म्हटलं. सांगायचं नाही तर नका सांगू. 'वापर' या रकान्यात मी पेन दाबून लिहिलं, 'नाही'.

ग्रामसभा शाळेत झाली. मी पडद्यावर चित्रं दाखवली. वरच्या जागेवर गोल चौक, कडेनं दगडी बाकं, चार करंज, दिव्याचे खांब. हरेशनं ठराव वाचला, "वापर नसलेल्या गावठाणच्या जागेवर..." आणि सभेत एकदम चिडीचूप झालं. बायका एकमेकींकडं बघत होत्या. जनूबाबा जमिनीकडं. कुणाची हरकत आहे का, हरेशनं विचारलं. नव्हती. त्या शांततेला मी होकार समजले. इतकी वर्षं सभा केल्या, पण शांततेच्याही जाती असतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

घरटी एक सही नाहीतर अंगठा घ्यायचा होता. बायजाबाई सगळ्यात शेवटी आली. शाईत बुडवलेला अंगठा कागदावर धरून नुसती उभी राहिली.

"टेकव की आजी," हरेश म्हणाला.

"टेकवतेय. तुझी गाडी चुकतेय काय?"

तिनं तो इतका दाबला की कागद तिथं फाटला.

मे महिन्यात काम सुरू झालं. जागा सपाट केली, खोलगट भाग भरून घेतला. फरसबंदीचे ब्लॉक बसवायच्या आधी मी खाली कडेपासून कडेपर्यंत चार इंच कांक्रीट ओतायला सांगितलं. नकाशात नव्हतं, माझा हट्ट. जनूबाबा रोज येऊन उभे राहायचे. एक दिवस म्हणाले, "बाय, खाली वालू टाका. कांक्रीट कशाला?"

"वाळूवर ब्लॉक हलतात, बाबा."

"हलूंद्या की."

"हलू द्या? मी केलेलं काम दहा वर्षांनीही तसूभर हललेलं दिसणार नाही!"

"हां," ते म्हणाले. "त्याचीच तं भीती हाय." आणि निघून गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला खोड आहे. मी कांक्रीटवर रोज दोनदा पाणी मारून घेतलं. काम असं झालं की कुठंही पहार मारली तर पहार वाकावी.

चौक झाला. देखणा झाला, हे मी आजही म्हणेन. पण त्यावर कुणी येईना. पावसाळाभर मी काही ना काही निमित्त काढून बोंडेखारला जात होते. लोक त्या चौकाला वळसा घालून जात. पोरंसुद्धा. हरेश म्हणे, उद्घाटन होऊंद्या, मग बघा. मी स्वतः एकदा बाकावर बसून पाहिलं. तीन मिनिटांत उठले. वाटायचं, कुणीतरी मागं उभं राहून बघतंय. मागं वळले तर खाली शेतात बायजाबाई, हातात विळा, चौकाकडं बघत.

आणि मला तर घाई होती. रोह्याला कुंडलिकेच्या काठाचा एक तुकडा नव्यानं आखायचा होता आणि त्यासाठी गावातल्या काही मंडळींनी समिती केली होती. समितीच्या सुरभीताई म्हणाल्या होत्या, "घटस्थापनेला तुमच्या चौकाचं उद्घाटन आहे ना, आम्ही बघायला येतो. आवडलं तर काठ तुमचा." ज्या नदीत मी पोहायला शिकले, जिथं बाबांनी मला पहिल्यांदा पाण्यात ढकललं, तो काठ. मला ते काम हवं होतं. मनापासून हवं होतं. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. सकाळी दहाला मी बोंडेखारला पोचले, शेवटचं काय राहिलंय ते बघायला. गावभर वड्यांचा वास सुटला होता. घराघराच्या कौलांवर पितरांची पानं ठेवलेली, कावळ्यांची नुसती चंगळ. हरेश फ्लेक्स बांधून घेत होता. मी चौकात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. समोर बांधावर जनूबाबाही फेऱ्या मारत होते. त्यांचं पान घरी तसंच झाकून ठेवलेलं, सून दोनदा हाक मारून गेली.

"बाबा, जेवून या की," मी ओरडून म्हटलं.

"पानी बग," ते म्हणाले.

अमावास्येचं उधाण दुपारी बारा-एकला भरतं. अजून तासभर होता आणि पाणी बांधाच्या गळ्याशी आलं होतं. वर वारा. खाली शेतात भात पोटरीला आलेला, गर्द हिरवा. बायजाबाई नैवेद्य दाखवून आली असावी, कपाळावर कुंकू नव्हतं पण लुगडं धुतलेलं होतं. विधवा बाई, पितरांचा दिवस. ती शेताच्या कडेला उभी राहून बांधाकडं एकटक बघत होती.

साडेअकराला जनूबाबा ओरडले.

एकच शब्द, दोन अक्षरांचा. मी तो त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि इथं लिहिणार नाही. का ते सांगेन. बांध फुटलाय, हा त्याचा अर्थ. तो सांगायला कुणी लागलं नाही, कारण अख्ख्या गावाची दारं एका वेळी उघडली. पुरुष उघड्या अंगानं, कपाळाला गंध लावलेले. बायकांचे हात वड्याच्या पिठानं भरलेले. ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन, फावडी, कुदळी, घमेली, सगळं गाव धावत सुटलं. आणि धावलं ते बांधाकडं नाही. माझ्या चौकाकडं.

दीड-दोनशे माणसं चौकात येऊन थांबली आणि खाली ब्लॉककडं बघत राहिली. माझा चौक पहिल्यांदाच भरला होता.

"इथं काय उभे राहिलात?" मी किंचाळले. "बांध तिकडं फुटलाय!"

"चिकल हितं हाय," कुणीतरी म्हणालं. "चिकल खाली हाय, म्याडम."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बांधाला दगड चालत नाही, फटीतून पाणी येतं. शेतातला चिखल पाण्याखाली, नुसती पेज. खाडीचा गाळ हातात ठरत नाही. बांध धरून ठेवील अशी चिकट, बिनखड्याची, भरतीतही कोरडी राहणारी माती गावात एकाच जागी होती. झाड लावलं नाही, मुळं नकोत म्हणून. गुरं बांधली नाहीत, शेण-मूत नको म्हणून. मधला खोलगट भाग म्हणजे आधीच्या उधाणांत उचललेली माती. पणज्या-खापरपणज्यांपासून ती जागा या एका तासासाठी राखून ठेवलेली. ठेवलीय, ठेवलीय म्हणून बाई सांगत होती. आणि मी त्या मातीवर झाकण घातलं होतं.

बायजाबाई माणसं लोटत पुढं आली. "काढ," ती मला म्हणाली.

"काय?"

"हे तुझं काढ!"

"थांबा, थांबा!" हरेश हात पसरून मधे आला. "उद्या उद्घाटन आहे! मी तहसीलच्या ऑफिसात फोन लावलाय, पोकलेन पाठवतील."

"तुझा पोकलेन येईल तवर त्याला बोटीतना आनायला लागंल," बायजाबाई म्हणाली. बांधाखालच्या तिच्या पहिल्या खाचरात पाणी शिरायला लागलं होतं. आम्ही उभे होतो तिथून ते दिसत होतं.

कामाची पहार, घण, सगळं चौकाच्या कडेला बांधलेल्या अवजारांच्या खोलीत कुलपात होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. एक क्षण, खोटं बोलणार नाही, एक क्षण मला कुंडलिकेचा काठ दिसला. उद्या पांढऱ्या गाडीतून उतरणाऱ्या सुरभीताई दिसल्या. लाज वाटते, पण दिसल्या. मग मी धावले, कुलूप काढलं आणि पहिली पहार स्वतः घेतली. पहिला घाव मीच घातला.

ब्लॉक भराभर निघाले. बायकांनी हाताहाती उचलून बाजूला फेकले. खाली कांक्रीट. माझं चार इंच, पावसाळाभर पाणी पिऊन पक्कं झालेलं. घण पडायचा आणि नुसती ठिणगी उडायची. घण मारणाऱ्या माणसाचे तळहात फाटले, दुसऱ्यानं घेतला, तिसऱ्यानं घेतला. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं आणि इतका राग मला कशाचाच आला नव्हता. मी पहार मारत होते आणि स्वतःलाच शिव्या घालत होते, मोठ्यानं, आईबहिणीवरून. कुणी माझ्याकडं बघितलंही नाही.

वीस मिनिटं. वाळूवर ब्लॉक असते तर दोन लागली असती. त्या वीस मिनिटांत बायजाबाईचं पहिलं खाचर गेलं आणि मग दुसरं. ती ओरडली नाही, रडली नाही. कंबरेवर हात ठेवून पाणी कुठवर आलं ते बघत होती. तिसऱ्या खाचराचा बांधोळा तेवढा उरला होता.

मग कांक्रीटचा एक तुकडा सुटला. भेग पडली, पहार आत गेली, सगळ्यांनी मिळून तो उलटा केला आणि खालून ती माती वर आली. काळी, लोण्यासारखी. "आली!" असं सगळे एकदम ओरडले.

पुढचं मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. चौकापासून बांधाच्या भगदाडापर्यंत दोनशे पावलं, अरुंद वाट, आणि त्या वाटेवर माणसाला लागून माणूस. फावड्यानं मातीचा लोंदा कापायचा, हातात द्यायचा, पुढच्यानं पुढं. माझ्या अलीकडं बायजाबाई, पलीकडं मृणाली नावाची मुलगी. ती हमरापूरला मूर्तींचे डोळे रंगवते, नखांत अजून सोनेरी रंग होता. एकमेकांशी वर्षभर न बोलणारे भाऊ त्या रांगेत शेजारी उभे होते, असं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त हात दिसत होते. लोंदा यायचा, जायचा. यायचा, जायचा. थोड्या वेळानं पाहिलं तर हरेशही रांगेत होता आणि त्याचा पांढरा शर्ट ओळखू येत नव्हता. पुढं भगदाडात छातीभर पाण्यात जनूबाबा उभे होते, बांबू रोवून, मधे पेंढा कोंबून, वर पडेल तो लोंदा पायानं तुडवत. तोंडानं एकसारखं "येऊंद्या, येऊंद्या" चाललेलं.

एकला पाणी थबकलं. मग इंचभर उतरलं. जनूबाबांना दोघांनी बगलेत हात घालून वर काढलं. बांध धरला होता. तिसरं खाचर वाचलं आणि त्याच्यामागचं सगळं गाव वाचलं.

मग लोक बसले. कुठं? माझ्या चौकात. मोडलेल्या कडेवर, ब्लॉकच्या ढिगावर, दगडी बाकांवर, चिखलानं माखलेले. घराघरातून पितरांचं जेवण तिथंच आलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळ्यांचं सगळ्यांत मिसळलं. पहिली पाळी करून आलेले कंपनीवाले डोक्यावरची हेल्मेटं न काढता कामाला लागले आणि त्यांनी बांधावर आणखी थर चढवला. कुणीतरी म्हणालं, बाकडी बरी झाली हो, पाठ टेकता येतेय. लोक हसले. मला एक वडा मिळाला, तो हातात धरून मी उठले. बायजाबाई तिथं नव्हती.

ती दुसऱ्या खाचरात उभी होती. पोटरीला आलेला भात मटमैल्या पाण्यात अर्धा बुडाला होता.

"दोन गेली," ती म्हणाली.

"माझ्यामुळं."

"मंग काय माझ्यामुलं? चार इंच घातलास! जनूबाबा सांगत होता, वालू टाक, वालू टाक! शिकलेली ना तू? मातीला हात लावून बगायचा होता एकदा."

चुकी माझी होती, तरी माझं डोकं फिरलं. असंच आहे माझं. "आणि मी विचारलं होतं त्याचं काय? तुम्हाला विचारलं, जनूबाबांना विचारलं, चौघांना विचारलं! सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात! एकानं, अहो एकानं जरी सांगितलं असतं की ही माती कशासाठी आहे! सभेत अंगठे दिलेत!"

जिचं पीक डोळ्यांदेखत मेलंय अशा म्हातारीवर मी तिच्याच शेतात उभी राहून ओरडत होते. ती मग मऊ आवाजात म्हणाली, "सांगायचा म्हंजे त्यो शब्द काढायला लागतो. त्यो शब्द घरात काढत नाय, सभेत काढत नाय. बांधावरना वरडायचा फक्त. माझ्या सासूनं एकदा भांडनात काढला, नि त्याच उधानाला आमचा रेडा नि पाच खाचरं गेली. मी नवी नवरी होते. मंग माझी जीब कशी उचलनार? सगल्यांना वाटला दुसरा कोन सांगंल." तिनं पाण्यातला एक भात उपटला, बघितला आणि टाकून दिला. "तुजा चुकला. माझाबी चुकला. अंगठा धरून उबी होते, तवाच टाकायचा होता कागद फाडून."

मला रडू फुटलं. रागानं की कशानं ते कळत नव्हतं. हुंदके आवरेनात.

"ए बाय," ती म्हणाली, "रडायचा तं बांधावर जाऊन रड. आनखी खारा पानी नको माझ्या शेतात."

मी रडता रडता हसले आणि तीही हसली, दात नसलेल्या तोंडानं, त्या मेलेल्या भातात उभी राहून.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालंच नाही. हरेशनं आणलेला नारळ जनूबाबांनी बांधावर फोडला. सुरभीताई दोघांना घेऊन आल्या, चांगले बूट घालून. मोडलेला चौक, मधे खड्डा, ब्लॉकचे ढीग, सगळीकडं वाळलेला चिखल. "हे काय हो, नूतन?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, "मी चुकीच्या जागी बांधलं होतं. गावानं दुरुस्त केलं." त्यांनी मान हलवली, थोडे फोटो काढले, चहा घेतला आणि "कळवतो" म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही. हल्ली रोज पुलावरून जाताना मी कुंडलिकेकडं बघते आणि स्कूटर जोरात काढते.

आठ दिवसांनी नवा नकाशा केला. बाकं तीच, पण कडेला सरकवलेली, बांधाकडं तोंड करून. वाट रुंद, दोन रांगा उभ्या राहतील इतकी. अवजारांच्या खोलीला कुलूप नाही. मधली जागा पुन्हा गवताची. हरेशनं एका शब्दानं हरकत घेतली नाही. उलट म्हणाला, तक्तापण नवा करा मॅडम, तो जुना मला बघवत नाही.

केला. जागा: वरची. मालकी: गावाची. वापर: ... आणि पेन अडलं. तो शब्द मला आता माहीत होता. हातानं लिहायला गेले आणि लिहवेना. शिकलेली बाई मी, पण समोर खिडकीतून ढग दिसत होते, बोंडेखारात भात उभा होता, आणि नाही लिहवलं. तक्ता घेऊन मी तडक बोंडेखारला गेले.

बायजाबाई गेलेल्या खाचरांत पावसाचं गोडं पाणी घेऊन सोडत होती. धुऊन धुऊन कधीतरी मीठ जाईल म्हणून. प्रणित सुट्टी काढून हाताशी होता. मी कागद तिच्यापुढं धरला.

"आजी, इथं काय लिहू? तो शब्द नका सांगू."

"मंग कोरा ठेव."

"कोरं ठेवलं तर उद्या दुसरी कोणी माझ्यासारखी टेप घेऊन येईल आणि लिहील 'नाही'."

तिनं कागदाकडं बघितलं, बांधाकडं बघितलं, मग वरच्या जागेकडं. खाली वाकून तिनं चिखलात अंगठा बुडवला आणि त्या रकान्यात टेकवला. या वेळी दाबला नाही, कागद फाटू नये म्हणून जपून टेकवला.

"आता नाय कोन लिहीत," ती म्हणाली आणि कामाला लागली.

घडी घातली असती तर अंगठा पुसला गेला असता. म्हणून कागद मांडीवर उघडा धरून मी बांधावर बसले. ढगाळ हवा, वाळायला चांगला तासभर लागला. तासभर मी बसून होते. आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसला नाही.